तिसऱ्या कपानंतर बोलू

मी चहादाणी बोलतेय. पांढऱ्या चिनी मातीची, पोटावर लाल गुलाब असलेली, आणि वयाने तुमच्या पणजीच्या बरोबरीची. माझी चोच जराशी वाकडी आहे, पण ओतताना माझ्याकडून थेंब सांडत नाही. हे मी माझ्या तोंडाने कौतुक करत नाही. वुबके नावाची बाई जवळजवळ साठ वर्षं हे सांगत होती, आणि ती उगाच कोणाचं कौतुक करणारी नव्हती.

माझा जन्म जर्मनीत, तुरिंगियाच्या डोंगरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर नुसते गुलाब काढत बसायची. माझ्या पोटावर तिने चार फटकाऱ्यांत फूल उमटवलं, माझ्याकडे धड बघितलंही नाही आणि पुढची चहादाणी उचलली. मग मला पेंढ्यात गुंडाळून पेटीत घातलं. आधी आगगाडी, मग कालव्यातून माल वाहणारी मोठी होडी, म्हणजे पडाव. पेटी उघडली तेव्हा डोंगर कुठेच नव्हता. सपाट हिरवी जमीन, सरळसोट कालवा, आणि सतत वाहणारा वारा. हे जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या फ्रिसलंडमधलं इम्केफेन गाव.

साल अठराशे अठ्ठ्याण्णव. वुबके तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि तिचा नवरा गावचा पूलवाला होता. कालव्यावर एक लाकडी पूल होता. पडाव आला की तो साखळीने वर उचलायचा, पडाव गेला की खाली सोडायचा. पुलाशेजारचं लाल विटांचं घर गावच्या मालकीचं. जो पूल सांभाळेल त्याने त्यात राहायचं.

आमच्या भागातल्या बायका कमी बोलतात. जेवण अप्रतिम झालं तर म्हणतात, "खाववतंय." आणि माया दाटून आली की टोमणा मारतात. एकदा वुबकेचा नवरा पावसात चिंब होऊन घरी आला. ती म्हणाली, "एवढं भिजायचंच होतं तर गाईंबरोबर कुरणातच राहायचंस." असं म्हणत तिने त्याच्या पायाशी चुलीतली गरम वीट फडक्यात गुंडाळून ठेवली. तो बिचारा खूश.

चहाच्या बाबतीत मात्र त्या राणीसारख्या वागतात. आधी कपात खडीसाखरेचा खडा. त्यावर कढत चहा ओतला की खडा तडकतो, आणि तो आवाज ऐकायला सगळे गप्प होतात. मग कपाच्या कडेने चमचाभर साय सोडायची. ढवळायचं नाही. पाहुण्याने तीन कप घ्यायचेच, आणि कामाचं बोलणं तिसऱ्या कपानंतर. पुरे झालं असेल तर चमचा कपात उभा ठेवायचा. तो ठेवला नाही तोवर घरची बाई ओतत राहणार.

एकतीस साली वुबकेचा मुलगा हार्म याचं लग्न झालं आणि हिस्के सून म्हणून घरात आली. उंच, हाडापेराने मजबूत, शेजारच्याच गावची. पहिल्या दिवशी तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

वुबके म्हणाली, "ती कोंबडी नाही. उडून जाणार नाही."

"माहीत आहे, आई. कोंबडी असती तर मान धरली असती."

वुबकेने सुनेच्या कपात खडीसाखरेचा दुसरा खडा टाकला. त्या घरात यापेक्षा मोठं स्वागत मी कधी पाहिलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. चहा मोजून मिळू लागला, पुढे तोही मिळेना. लोक रानातला पाला उकळून पिऊ लागले. वुबकेने एकदाच तसला पाला माझ्यात घातला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "हे गाभण शेळीला द्या." तिने मला धुतलं, पुसलं आणि फळीवर ठेवून दिलं. "हिच्या पोटात खोटं घालायचं नाही." तशी मी दोन वर्षं फळीवर होते. अंगावर धूळ बसली, पण अपमान वाटला नाही.

युद्ध संपल्यावर पूर्वेकडून घरंदारं गेलेली माणसं आमच्याकडे आली. आमच्या माळ्यावरच्या खोलीत इर्मगार्ड नावाची विधवा राहायला आली, कडेवर दोन वर्षांची रेनाटे. पहिल्याच दिवशी वुबकेने तिला चहाला बसवलं. इर्मगार्ड सभ्य घरातली. यजमानीण ओततेय तर नाही कसं म्हणायचं? ती पीत राहिली. अकराव्या कपाला तिच्या कपाळावर घाम आला.

तेव्हा वुबके म्हणाली, "पोरी, आता चमचा कपात ठेव. नाहीतर कालवा आटेल."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. आणि मला बघायचं होतं, तुमच्याकडच्या बाईत किती चहा मावतो."

इर्मगार्ड आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. युद्धानंतर ती पहिल्यांदाच हसली असावी. त्या दिवसापासून ती आमच्या घरचीच झाली.

आता मुख्य गोष्ट सांगते.

बावन्न साली हार्मच्या छातीने दगा दिला. जिना चढला तरी त्याला धाप लागायची. साखळी ओढणं दूरच राहिलं. मग हिस्के ओढू लागली. हार्म खिडकीतल्या खुर्चीत बसायचा, डोक्यावर पूलवाल्याची निळी टोपी घालून. पडावाचा भोंगा वाजला की तो खिडकीतून हात करायचा, आणि हिस्के पाठीमागच्या दाराने जाऊन घराआडची साखळी ओढून पूल वर घ्यायची. पडाववाल्यांना दिसायची टोपी. गावालाही टोपीच दिसायची. हिस्केने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, कोणाला सांगू दिली नाही. संध्याकाळी हार्म विचारायचा, "आज किती पडाव गेले आपले?" ती म्हणायची, "तुम्ही चार सोडले." तिच्या तळहातांना घट्टे पडले होते, आणि माझी मूठ धरली की ते मला टोचायचे.

चोपन्नच्या फेब्रुवारीत हार्म गेला.

सहा आठवड्यांनी गावप्रमुख ओको दारात आला. ओको हार्मचा लहानपणापासूनचा दोस्त. मऊ स्वभावाचा, सगळ्यांना हो म्हणणारा. त्याच्या कोटाच्या खिशात पत्र होतं. पंचायतीतल्या हाब्बो नावाच्या बड्या शेतकऱ्याला आपल्या पुतण्याला पूलवाला करायचं होतं, आणि बाईला ते काम देता येत नाही असं त्याने सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. दोघी सासूसुनांनी एक मेपर्यंत घर सोडायचं, असं त्या पत्रात होतं.

"वहिनी, जरा बोलायचं होतं," ओको म्हणाला.

"बसा की, भाऊजी. तिसऱ्या कपानंतर बोलू."

तो बसला. पहिला कप झाला. दुसऱ्या कपाला वुबकेने त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली. मग बहिणीच्या गुडघ्यांची. त्या घराण्यात गुडघे बरेच होते. तिसरा कप ओतणार तोच भोंगा वाजला. हिस्के उठली. "आलेच हं. घरच्या बाईशिवाय तिसरा कप घेऊ नये." पडाव लांबलचक होता. ती आली तेव्हा चहा गार झाला होता.

वुबके म्हणाली, "गार चहा पाहुण्याला देऊन मी नरकात जाणार नाही." तिने मला रिकामं केलं, नवा चहा केला आणि पुन्हा पहिल्या कपापासून सुरुवात झाली. तेवढ्यात दुसरा पडाव आला.

पाच वाजता ओको पत्र तसंच खिशात घेऊन घरी गेला.

आठवड्याने तो परत आला. या वेळी हुशारी करून उंबऱ्याबाहेरच थांबला. "आत नको, वहिनी. घाईत आहे."

"मग आम्ही बाहेर येतो," असं म्हणून हिस्केने टेबलच अंगणात आणलं. इर्मगार्डने खुर्च्या आणल्या. वारा असा होता की साय कपात पडण्याऐवजी ओकोच्या कोटावर पडत होती. दुसऱ्या कपाला त्याची टोपी उडाली आणि कालव्यात गेली. हिस्केने आकडीच्या काठीने ती वर काढली, पिळली आणि पुढे केली. "टोपी घरात यायला तयार आहे, भाऊजी. तुमचंच काय अडलंय?"

ओको हसला. हसणारा माणूस खिशातून असलं पत्र काढू शकत नाही.

मग पंचायतीने पत्र टपालाने पाठवलं. हिस्केने ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर वुबकेने ते तिच्या हातातून घेतलं, घडी घातली आणि गरम असलेली मला त्यावर ठेवलं. "कागद जाड आहे. टेबल भाजणार नाही."

पण त्या दुपारी हिस्केने मला दोनदा धुतलं आणि दोनदा पुसलं. मग ती रिकाम्या कपाकडे बघत बसली. इर्मगार्ड तिच्यासमोर येऊन बसली.

"हिस्के, मी एकदा बोचकं बांधून घर सोडलंय. दुसऱ्यांदा बांधणार नाही. तुला रडायचं असेल तर आज रडून घे. शनिवारी पंचायतीची सभा आहे. तेव्हा वेळ मिळायचा नाही."

"रडत नाहीये. विचार करतेय."

"त्यांना सांग की दोन वर्षं पूल तूच उचलत होतीस. विषय संपला."

"नाही," हिस्के म्हणाली. "हार्मची टोपी मी त्याच्या माघारी उतरवणार नाही. दुसरं काहीतरी सांगेन."

वुबके चुलीपाशी मोजा विणत होती. तिने मान वर केली नाही.

शनिवारी तीन वाजता खानावळीच्या मोठ्या खोलीत सभा भरली. पाच पुरुष टेबलाभोवती बसले होते, आणि कोपऱ्यात वही घेऊन कारकून. दार उघडलं आणि आमच्या तिघी आत आल्या. पुढे वुबके, काळ्या पोशाखात, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. मागे कपांची टोपली घेऊन इर्मगार्ड. आणि मला छातीशी धरून हिस्के.

हाब्बो म्हणाला, "इथे सभा चाललीये."

"हो ना. आणि तीन वाजलेत, चहाची वेळ," हिस्के म्हणाली. "तीन वाजता पुरुषांना कोरडं बसवलं, असं गावात कोणी म्हणायला नको. तुमच्या आयांना काय वाटेल?"

चहाला नाही म्हणणं आमच्याकडे कोणाला शिकवलेलंच नाही. खानावळवालीने न सांगता आधण ठेवलं होतं. खडे तडकले, पाचही जण गप्प झाले. पहिल्या कपाला हवेची चर्चा झाली. दुसऱ्याला गाईंची. तिसरा ओतून हिस्केने मला टेबलावर ठेवलं.

"आता बोलते. पुलाचं काम मला हवंय. घर जाईल म्हणून नाही. मला ते येतं म्हणून."

"नियमात 'पूलवाला' लिहिलंय," हाब्बो म्हणाला. "पूलवाली नाही लिहिलेलं."

"नियमात 'शेतकरी' असंही लिहिलंय. मग तुमच्या गाईंची धार कोण काढतं, हाब्बो?"

कोणीतरी चहात हसलं. हाब्बोचे कान लाल झाले. "ते वेगळं. इथे साखळी आहे, लोखंड आहे. गार वाऱ्यात दिवसाला सहा-सात वेळा पूल वर घ्यायचा म्हणजे बाईमाणसाचं काम आहे? हार्मसारखा गडी होता म्हणून निभावलं."

हिस्केने खाली बघितलं. तिच्याकडे उत्तर होतं, पण ती ते देणार नव्हती. माझ्या मुठीवरची तिची बोटं पांढरी पडली.

तेव्हा वुबके बोलली. आवाज चढवला नाही.

"माझा मुलगा दोन वर्षं खुर्चीतून उठला नाही. पूल काय त्याच्या खोकल्याने वर जात होता?"

"आई, नको," हिस्के हळूच म्हणाली.

"का नको? मुलगा माझा आहे. त्याच्याबद्दल काय सांगायचं ते मी ठरवेन. तू त्याची लाज राखलीस, नवरा जाईपर्यंत आणि गेल्यावरही. ते मी बघितलंय. पण मेलेल्याची टोपी सांभाळायला जिवंत बाई मी रस्त्यावर काढणार नाही." तिने काठी टेकवली. "दाखव त्यांना हात."

हिस्केने हात दाखवले नाहीत. इर्मगार्डने तिचा उजवा हात धरून, तळवा वर करून टेबलावर ठेवला. पाचही जणांनी बघितलं. ओकोने डोळे पुसले आणि सायीचा थेंब उडाल्याचं सोंग केलं.

मग हिस्केने मला उचललं.

"ज्याला माझं म्हणणं पटलंय त्याने चमचा कपात ठेवावा. ज्याला पटलं नाही त्याला मी ओतत राहीन."

ओकोचा चमचा पहिला वाजला. पाठोपाठ तीन. राहिला हाब्बो.

"चार झाले की. बहुमत झालं," ओको म्हणाला.

"बहुमत नको, भाऊजी. हाब्बोचेही पडाव पुलाखालून जातात. मला त्यांच्याशी रोज हसून बोलायचंय." आणि तिने त्याच्या कपात चौथा कप ओतला.

हाब्बो हट्टी होता. त्याने पाचवा घेतला, सहावाही घेतला. बायका अतिशय आदबीने वागत होत्या. इर्मगार्ड साय सोडत होती. वुबकेने पुन्हा हवेचा विषय काढला. "यंदा कालव्याला पाणी फार. नुसतं वाहतंय, वाहतंय."

सातव्या कपाला हाब्बो खुर्चीत चुळबुळ करू लागला. आठव्याला इर्मगार्डने मला उंच धरून अगदी बारीक धारेने, आवाज करत चहा ओतला. शेजारचा शेतकरी टेबलाखाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

नवव्या कपानंतर हाब्बोने चमचा कपात टाकला आणि कोणाकडे न बघता झपाझप मागच्या दाराने बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता. तो हिस्केला एवढंच म्हणाला, "चहा चांगला होता."

"पिववला ना?" हिस्के म्हणाली.

कारकुनाने वहीत 'पूलवाली' लिहायला नकार दिला. असा शब्दच नाही म्हणाला. ओकोने त्याच्या हातातून लेखणी घेतली आणि स्वतः लिहिलं. म्हणाला, "आता आहे."

घरी जाताना मला वुबकेने धरलं होतं. विटांच्या रस्त्यावर तिचा पाय सरकला, माझं झाकण खाली पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. तिने ते काठीने बाजूला सारले. "जाऊ दे. तोंड शाबूत आहे ना." तेव्हापासून माझ्यावर दुसऱ्या एका फुटक्या चहादाणीचं निळं झाकण आहे. मला ते शोभत नाही, पण मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

वुबके सत्तावन्न साली गेली, सकाळी अकराच्या चहाला. तिसरा कप संपला होता आणि चमचा कपात ठेवलेला नव्हता, म्हणून हिस्केने चौथा ओतला. तो तसाच राहिला. हिस्के बराच वेळ तो कप उचलेना.

हिस्केने सतरा वर्षं पूल सांभाळला. एकाहत्तर साली वर जिल्ह्यात ठरलं की कालवा बुजवून रस्ता रुंद करायचा. शहरातून एक साहेब आला. हिस्केने त्याला बोलावलं, टेबल मांडलं. तो उभ्यानेच म्हणाला, "बाई, वेळ नाही," आणि गाडीत बसून आपल्या थर्मासमधली कॉफी प्यायला. जो माणूस बसतच नाही त्याच्याशी आमच्या बायकांना लढता येत नाही. ती लढाई हिस्के हरली. कामगार पूल काढायला आले त्या सकाळी तिने पडाव नसतानाही साखळी ओढून तो एकदा वर घेतला, दोन मिनिटं तसाच धरला आणि खाली सोडला. मग कामगारांना आत बोलावून चहा दिला. त्यांचा काय दोष?

पुढे ती आणि इर्मगार्ड एका लहान घरात राहिल्या, एकमेकींना टोमणे मारत. आधी हिस्के गेली, काही वर्षांनी इर्मगार्ड. दोन वर्षांची आली होती ती रेनाटे आता म्हातारी झालीये, आणि मी तिच्या शहरातल्या घरी आहे. माझ्यावर तिचा जीव आहे. म्हणूनच तिने मला काचेच्या कपाटात ठेवलंय आणि किल्ली वेगळ्या डब्यात. पाहुणे आले की ती काचेवर बोट ठेवून सांगते, "ही फार जुनी. हात लावायचा नाही." मग ती त्यांना यंत्रातला चहा देते, पाहुणे एक कप पितात, दोन मिनिटांत कामाचं बोलतात आणि निघून जातात.

रेनाटे, तुला ऐकू येत असेल तर ऐक. मी शोभेसाठी जन्मले नाही. मी पाच पुरुषांना शनिवारची अर्धी दुपार खुर्चीला खिळवून ठेवलंय. ते कपाट उघड. आधण ठेव. जिना चढून वर येणाऱ्या त्या नव्या शेजारणीला बोलाव. ती अजून कोणाशी बोलत नाही, आणि सभ्य दिसते. बहुतेक खूप कप पिईल. ओतताना हात कापला आणि मी फुटले, तर फुटले. चहा ओतणाऱ्या बाईच्या हातातून पडून फुटणं, याहून चांगलं मरण आमच्या जातीला नाही.